आधी मोजू, मग बघू

कुत्रे मोजायचं काम करणाऱ्याला कुत्रे नक्की किती, हे शेवटपर्यंत सांगता येत नाही. किस्से मात्र ढिगाने जमतात! पार्ल्याला आमच्या घरी चार मैत्रिणी जमल्या की कोणीतरी विचारतंच, "मेधा, तुझ्या मढच्या कुत्र्यांचं काय झालं गं?" मी म्हणते, काही झालं नाही. "मग सांग ना!" म्हणजे काही झालं नाही हेच यांना ऐकायचं असतं. मी सांगते, त्या हसतात, मीही हसते. त्या गेल्यावर कप विसळताना मला माझाच राग येतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमची एक लहानशी संस्था आहे आणि तिच्यात कामाची माणसं तीन. डॉक्टर जनावरांचे, पण त्यांना सगळे नुसतं डॉक्टर म्हणतात. सावंत दिंडोशीला राहतो, मूळचा मालवणकडचा, आणि त्याची नेमणूक कुत्रे पकडण्यासाठी झालेली आहे. तिसरी मी. लोकांच्या दारात जाऊन माहिती गोळा करते.

मढ म्हटलं की लोकांना बंगले आणि शूटिंग आठवतं. पण मागच्या अंगाला अजून वाड्या आहेत, भाजीचे वाफे आहेत, कोंबड्या आहेत, शेळ्या आहेत. बंगलेवाले हौसेने पिल्लू आणतात आणि ते मोठं झालं की तिथेच टाकून जातात. शूटिंगवाले युनिटचं उरलेलं जेवण घालून लळा लावतात आणि सेट मोडला की चालते होतात. मागे राहिलेले कुत्रे मग टोळी करतात. पुढे त्यांना पिल्लं होतात, ती तर माणसाच्या हातचं खाल्लेलीच नसतात. भर दुपारी वाडीत शिरून शेळी लोळवतात आणि हाकललं तर आपल्यावरच दात काढतात.

उपाय एकच. पकडायचं, नसबंदी करायची, लस टोचायची आणि परत तिथेच सोडायचं. मारायची परवानगी नाही, दुसरीकडे नेऊन टाकायचीही नाही. पण या सगळ्याच्या आधी माहिती हवी. किती आहेत, कुठून येतात, कुठे झोपतात, कोण खायला घालतं. डॉक्टरांचं ब्रीदवाक्यच आहे, "आधी मोजू, मग बघू." मोजण्याचं आमचं चालू आहे. बघण्याची वेळ अजून यायची आहे.

* * *

आम्हाला मढला बोलावलं रोझीमावशीने. साठी ओलांडलेली बाई, नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन वसईला. वाडीत एकटी राहते. शेळ्यांचं दूध आणि करडं यांच्यावर तिचं घर चालायचं. करडू ज्या वारी जन्मेल त्या वाराचं नाव त्याला मिळायचं. सोमी, बुधी, शुक्री. मंगळवारी दोघी झाल्या म्हणून एक थोरली मंगळी आणि एक धाकटी मंगळी. अंधारून आलं की मावशी दारात उभी राहून नावानं हाका मारायची आणि एकेक शेळी गोठ्यात शिरायची. मावशीचं आमच्याकडे एकच मागणं होतं, "माझ्या शेळ्या संपायच्या आत काय ते करा."

मी पहिल्यांदा तिच्याकडे फॉर्म घेऊन गेले तेव्हा ती माडाखाली खड्डा बुजवत होती. शुक्री गेली होती. मी म्हटलं, मी नंतर येते. ती म्हणाली, "नाय गो, बस. फॉर्म भरल्याशिवाय कोन येनार नाय ना पकडायला." हात धुऊन आली आणि समोर बसली.

फॉर्म वरून, म्हणजे परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याकडून आलेला. त्यातला पहिलाच प्रश्न, मोकाट कुत्र्यांविषयी आपली भावना काय? अतिशय आवडतात, आवडतात, तटस्थ, आवडत नाहीत, अजिबात आवडत नाहीत. मी तो प्रश्न मान खाली घालून वाचला. मातीचे हात नुकते धुतलेल्या बाईला हे विचारायचं म्हणजे काय होतं, ते फॉर्म बनवणाऱ्याने एकदा येऊन बघायला हवं होतं.

मावशीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तटस्थ म्हंजे काय?"

मी म्हटलं, "म्हणजे ज्याला कुत्रे आवडतही नाहीत आणि ज्याला त्यांचा रागही येत नाही. जो नुसता बघतो."

"असं होय," मावशी म्हणाली, "म्हंजे तुमी!"

* * *

घरोघरची माहिती गोळा करताना मला एक गोष्ट लवकर कळली. कुत्रे किती, हा प्रश्न लोकांना ऐकूच येत नाही. त्यांना ऐकू येतं, कशासाठी विचारतेय.

बंगल्यांच्या गल्लीत गेले. प्रत्येक फाटकावर तेच उत्तर, "कुत्रे? इथे? एक पण नाही मॅडम!" कारण कुत्रे आहेत असं लिहिलं तर शूटिंगला बंगला कोण घेणार? एका केअरटेकरने हे मला सांगितलं तेव्हा त्याच्या मागे तीन कुत्री पायरीवर पसरलेली होती. मी बोट दाखवलं. त्याने वळून पाहिलं आणि म्हणाला, "ही? ही आत्ताच आली, तुमच्या मागून!"

वाड्यांच्या बाजूला नेमकं उलटं. तिथे कोणीतरी बातमी पसरवलेली की जेवढे कुत्रे लिहाल तेवढी भरपाई मिळणार. एका आजोबांनी कुत्र्यांचा जो आकडा सांगितला तेवढी माणसंही त्या पाड्यात नसतील. मी म्हटलं, "आजोबा, एवढे?" तर म्हणाले, "आणि रात्रीचे वेगळे!"

मी ऑफिसात येऊन दोन्ही गठ्ठे डॉक्टरांपुढे ठेवले. म्हटलं, हे खोटं आणि हेही खोटं. डॉक्टरांनी चष्मा पुसला, विचार केला आणि म्हणाले, "सरासरी काढ."

काढली. घरटी अडीच कुत्रे आले. सावंत तिथेच उभा होता. तो म्हणाला, "डॉक्टर, दोन मी पकडीन. तो अर्धा कोण पकडणार?"

* * *

डॉक्टरांवर अन्याय नको. ते आधी असे नव्हते म्हणतात. माझ्या आधीची गोष्ट आहे. तेव्हा ते मुलुंडच्या बाजूला काम करत आणि मोजणी वगैरे काही नाही, दिसला कुत्रा की उचल, असा खाक्या होता. एक दिवस उचललेल्यांत एक चांगला गुबगुबीत, केसाळ कुत्रा आला. गळ्यात पट्टा नाही, अंगभर चिखल. झाली नसबंदी.

संध्याकाळी एक गृहस्थ हातात पट्टा घेऊन दवाखान्यात हजर! कुत्रा आंघोळ घालताना पळालेला. बातमी ऐकली तशी ते खुर्चीत मटकन बसले. घाटकोपरच्या एका कुटुंबाकडच्या कुत्रीशी त्याचं जमवलेलं होतं. दोन्ही घरांचं येणं-जाणं झालेलं, पिल्लं कोणाला द्यायची तेही ठरलेलं. डॉक्टरांनी हात जोडले. गृहस्थ रडकुंडीला येऊन म्हणाले, "माफी नको साहेब, आता ते घाटकोपरच्यांना तुम्ही सांगा!"

डॉक्टरांनी सांगितलं. मग तिथून पोलीस, तक्रार, वर्षभर खेटे. त्यानंतर डॉक्टरांनी माहितीशिवाय एकाही कुत्र्याला हात लावला नाही. माहिती असतानाही लावला नाही, हे मात्र मला अजून समजलेलं नाही. माणूस एकदा पोळला की ताकही फुंकून पितो, ठीक आहे. पण हे नुसते फुंकतच बसलेत! ताक तसंच राहिलंय.

* * *

सरासरीचं काही खरं नाही हे वरच्या लोकांनाही पटलं आणि त्यांनी रंगाची पद्धत सांगितली. पद्धत सोपी आहे. पहिल्या दिवशी दिसेल त्या कुत्र्याच्या पाठीवर रंगाचा फवारा मारायचा. दुसऱ्या दिवशी परत फिरायचं आणि दिसलेल्यांत रंगवलेले किती, बिनरंगाचे किती ते टिपायचं. त्यावरून हिशेब करून एकूण कुत्रे निघतात. रंग निरुपद्रवी, आठवड्यात उडून जाणारा.

सावंतने आणि मी दिवसभर उन्हातान्हात फिरून हिरवे पट्टे मारले. सावंत लांबूनच असा नेम धरी की बघत राहावं. मावशी कुंपणाशी उभी राहून सांगत होती, "तो काळा राहिला! ती तांबडी राहिली, तिनंच शुक्रीला धरलेली!" त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या तोंडावर मी थोडी उमेद पाहिली. काहीतरी घडतंय असं तिला वाटलं असावं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर एकही हिरवा कुत्रा नाही! सगळे लख्ख. सावंत डोळे चोळायला लागला. आम्ही पुढे गेलो तो बंगल्याच्या आवारात शूटिंगचं युनिट आणि नळाखाली चार पोरं तांबडीला शाम्पू लावून घासतायत. जिला आम्ही काठीच्या अंतरावर येऊ देत नव्हतो ती डोळे मिटून अंग चोळून घेत होती.

मी ओरडले, "अहो, काय करताय हे?"

गळ्यात वॉकी-टॉकी घातलेली एक मुलगी धावत आली. ती माझ्यापेक्षा जास्त चिडलेली. "तो कलर तुम्ही मारला? मॅडम, काल अर्धा सीन शूट झालाय, मागे हेच कुत्रे होते, प्लेन! आज सगळे ग्रीन! कंटिन्युटीची वाट लागली ना!"

मी तिला समजावलं की हे सरकारी नियमांनुसार चाललेलं शास्त्रीय काम आहे. तिने मला समजावलं की त्यांचं लोकेशन उद्या संपतंय. शेवटी तीच जिंकली. मावशीला हे सांगायला मला तोंड नव्हतं, पण तिला आधीच कळलेलं. तिने तांबडीला बघितलं. शाम्पूने केस असे मऊ झालेले, उन्हात चमकत होते.

"बघ," मावशी म्हणाली, "माझ्या शेळ्या खाऊन कशी तब्येत झालीय!"

* * *

सावंतचं एक सांगते. त्याच्याकडे कुत्रे पकडायची मोठी जाळी आहे. नेमणूक झाली त्या दिवशी त्याला ती मिळाली आणि तेव्हापासून ती जीपमध्ये आहे. मढच्या पोरांनी क्रिकेटचा बॉल विहिरीतून काढायला ती नेली आहे. एकदा माडावरचे नारळ झेलायला नेली. जाळीत कुत्रा मात्र आजवर शिरलेला नाही.

त्याची आई दिंडोशीला त्याच्याचजवळ असते. तिने एकदा मला जेवायला बोलावलं. कुळथाची पिठी, भात, सुका बांगडा. झकास जेवण! वाढता वाढता तिने लेकाला विचारलं, "रे, इतकी वर्सां झाली, तुजा काम नक्की काय ता सांग तरी मॅडमसमोर."

"कुत्रे धरूचा," सावंत म्हणाला.

"किती धरलंस?"

"अजून मोजतंय."

आईने हातातली पळी खाली ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, ह्याच्या लग्नाचा पण असाच चललाहा. बघूचा काम चालू आसा!"

आम्ही तिघंही हसलो. सावंत मान खाली घालून भात कालवत राहिला. त्याचा चेहरा मी पाहिला. चांगला धडधाकट माणूस, हाताला काम येतं, कामावर रोज वेळेवर हजर आणि संध्याकाळी घरी काय सांगायचं हा प्रश्न.

* * *

नंतर कॅमेरे आले. झाडाला बांधायचे, समोरून काही हललं की आपोआप फोटो. एक कॅमेरा मावशीच्या गोठ्यासमोरच्या चिंचेला बांधला. मावशी त्याला रोज येता-जाता बघायची. तिला वाटायचं, कुत्रे आले की हा कॅमेरा आम्हाला पार्ल्याला कळवतो आणि आम्ही धावत येतो. मी तिला नीट सांगितलं, "मावशी, हा फक्त फोटो काढतो." ती म्हणाली, "म्हंजे हा पन तुमच्यातलाच."

मग एक दुपार. मावशी बाजारात गेलेली. परत आली तर बुधी नाही, वाफ्यात रक्त. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन कॅमेरा उतरवला आणि मावशीच्या ओट्यावरच लॅपटॉप उघडला. डॉक्टर मध्ये, मी आणि सावंत दोन बाजूंना, मावशी मागे उभी.

सगळं आलेलं होतं. टोळी कुंपणाच्या कोणत्या फटीतून शिरते, पुढे कोण, मागून कोण, सगळं. आणि एक फोटो असा, की बुधी कॅमेऱ्याकडे बघतेय, कान ताठ, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी कुत्रे झेपावतायत. ऊन अगदी बरोबर पडलेलं. डॉक्टर इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते ते त्यांच्यासमोर होतं. ते हरखून म्हणाले, "अप्रतिम! काय क्लिअर आलंय! प्रत्येक कुत्रा ओळखता येतोय!"

मग त्यांच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

मावशी वाकून फोटो बघत होती. खूप वेळ बघितला. मग मला म्हणाली, "मेधा, मना याची एक कॉपी मिळेल?"

मी म्हटलं, "तक्रारीला जोडायला?"

"नाय गो. बुधीचा फोटो नाय माझ्याकडे दुसरा." थोडं थांबून म्हणाली, "कुत्रे कापून टाकता येतील?"

मालाडच्या फोटोवाल्याने कापले. दोन्ही बाजू गेल्यावर बुधीचे कान आणि तोंड तेवढं उरलं. मावशीने ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय. येणारा जाणारा म्हणतो, किती गोड बघतेय!

* * *

कॅमेऱ्याच्या फोटोंनी एक झालं. वरून कळवलं गेलं की आता माहिती पुरेशी आहे, पकडायला परवानगी देऊ. मावशीला सांगायला मी धावतच गेले. तिने मला नारळाची वडी दिली. मग तिने बारीक चौकशी केली, कुठे नेणार, ऑपरेशन कसं, किती दिवस ठेवणार. मी म्हटलं, थोडे दिवस ठेवून, बरे झाले की परत आणून सोडणार.

"कुठं सोडनार?"

"जिथून पकडले तिथेच. तसा नियमच आहे."

मावशीचा चेहरा पडला. "म्हंजे इथंच? माझ्या दारात? बरे करून?"

मी समजावलं. नवी पिल्लं होणार नाहीत, टोळी वाढणार नाही, भांडणं कमी होतील, काही वर्षांनी कुत्रे आपोआप घटतील. शिवाय तुझं कुंपण आम्ही पक्कं करून देऊ. कुंपणाचं ऐकल्यावर ती जरा सावरली. "काही वर्सं" यावर मात्र ती बोटांनी काहीतरी मोजत राहिली. तेव्हा तिच्याकडे सोमी आणि दोघी मंगळ्या राहिल्या होत्या.

मग पावसाळा आला. पावसाळ्यात ऑपरेशन नको, जखमा चिघळतात, असं ठरलं. त्याच्याबरोबर कुंपणही राहिलं. पावसाळा संपल्यावर वरची साहेब मंडळी बदलली. नव्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, ही माहिती केव्हाची? डॉक्टरांनी सांगितलं. नवे साहेब म्हणाले, "ही तर जुनी झाली! पावसाळ्यानंतर परिस्थिती बदललेली असणार. परत एकदा ताजी मोजणी करा."

डॉक्टर ऑफिसात येऊन टेबलाशी बसले. मी म्हटलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?" ते म्हणाले, "काय बोलणार? माझंच वाक्य मला ऐकवलं त्यांनी."

* * *

ताज्या मोजणीला मी एकटीच गेले, तोवर नाताळ उलटला होता. कुत्रे होते तिथेच होते. तांबडीला पिल्लं झालेली, ती शूटिंगच्या मांडवाखाली खेळत होती. मावशी ओट्यावर बसलेली. गोठा स्वच्छ झाडलेला, गव्हाण उपडी घातलेली. मला काही विचारावं लागलं नाही. सोमी पावसातच गेली होती. दोघी मंगळ्या गणपतीच्या सुमारास एकाच दुपारी गेल्या.

"फोन का नाही केलास?" मी म्हटलं.

"करून?" ती म्हणाली. त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

फॉर्म नवा होता पण प्रश्न जुनेच. त्यात एक होता, गेल्या तीन महिन्यांत आपल्या पाळीव जनावरांवर हल्ले किती झाले? मी महिने मोजले. दोघी मंगळ्या त्याच्या आधी गेलेल्या.

"आता कोनावर करतील?" मावशी म्हणाली. "नाय झाले. लिही."

मी शून्य लिहिलं. आजूबाजूच्या वाड्यांतही तेच. कोणाच्या कोंबड्या संपलेल्या, कोणी शेळ्या विकून मोकळे झालेले. ज्याच्या त्याच्या दारात मी शून्य लिहीत गेले.

* * *

आता शेवटचा किस्सा सांगते. हा मी मैत्रिणींना अजून सांगितलेला नाही.

त्या शून्यांचा आलेख निघाला. पहिल्या वर्षी उंच, मग उतार, मग थेट तळाला. वर एकदम आनंदीआनंद! एकही कुत्रा न पकडता, नुसती माहिती गोळा करून हल्ले शून्यावर आणलेली पहिलीच जागा म्हणून मढचं नाव झालं. वरून आलेल्या अहवालात दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की हल्ले होत नसल्यामुळे तिथे आता कुत्रे पकडायची गरज उरलेली नाही. आमच्या संस्थेचा सत्कार ठरला, पार्ल्यातल्या एका हॉलमध्ये.

मी डॉक्टरांना म्हटलं, "शेळ्याच उरल्या नाहीत म्हणून हल्ले नाहीत! हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," डॉक्टर म्हणाले. "पत्र लिहिलंय मी तसं. त्यांचं उत्तर आलं, शेळ्या किती होत्या आणि किती उरल्या याची वेगळी पाहणी आपण सुचवू शकता."

लाभार्थी म्हणून रोझीमावशीचाही सत्कार होता. मी तिला म्हटलं, नाही आलीस तरी चालेल. ती म्हणाली, "बोलावलंय तर यावं मानसानं." चर्चला जायची साडी नेसून आली. सावंतने तिला जीपमधून आणलं, जाळी मागच्या बाजूला सरकवून.

हॉल भरलेला. देणगीदार, कॉलेजची मुलं, सोसायट्यांची मंडळी. पडद्यावर तो आलेख, लाल रेघ वरून खाली आलेली. भाषणं झाली. मावशीला शाल दिली, श्रीफळ दिलं. निवेदन करणाऱ्या मुलीने गोड हसून माईक तिच्या हातात दिला. "मावशी, आता तुमच्या भाषेत, अगदी मनातलं, दोन शब्द!"

मावशीने एका हाताने नारळ छातीशी धरला, दुसऱ्या हातात माईक. समोरच्या गर्दीकडे बघितलं. मग हॉलच्या उघड्या दाराकडे बघितलं, बाहेर अंधारून यायला लागलं होतं.

"सोमीऽऽ," तिने हाक मारली. लांबलचक, चढत गेलेली. थांबली.

"ये गो बुधीऽऽ. शुक्रीऽऽ. थोरली मंगळी, ये गो, ये. धाकटी मंगळीऽऽ."

प्रत्येक नावानंतर ती थांबत होती, कान दाराकडे. माझ्या बाजूला डॉक्टरांनी मान खाली घातली. सावंत उठून भिंतीशी जाऊन उभा राहिला.

नावं संपली. आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बस! निवेदन करणारी मुलगी दुसऱ्या माईकवर म्हणाली, "किती सुंदर! आपल्या मढच्या मातीतलं पारंपरिक गाणं!" मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने ओरडलं, "वन्स मोअर!" त्याच्यामागे आणखी दोघेतिघे ओरडले, "वन्स मोअर!"

मावशीने थोडा वेळ दाराकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून हाका मारायला सुरुवात केली.